कुरणवाडीतले दोन एकर

२५ ऑक्टोबर १९९८, रविवार. सकाळी ७.

दिवाळी संपली. आजपासून रोजनिशी. कारण, डोंगरात जमीन घ्यायचं ठरवलं आहे, आणि जमिनीच्या व्यवहारात माणूस फसतो तो नोंद न ठेवल्यामुळे.

मी फसणार नाही. बावीस वर्षं वीजमीटर तपासणीच्या पथकात काढली. मीटरमध्ये फिल्मची पट्टी सरकवून चकती थांबवणारे बघितले, सील गरम सुईने उघडून परत चिकटवणारे बघितले. कोणी "या साहेब, बसा साहेब" म्हणालं की मी बसत नाही. आधी देवघरामागची वायर बघतो. नाशिकात मला फसवणारा अजून जन्मायचा आहे.

जमीन घ्यायचं कारण लिहून ठेवतो. आमच्या क्वार्टरच्या खिडकीसमोर ८६ साली शेजारची बिल्डिंग उठली. तेव्हापासून सौ. सुहासिनी म्हणते, जिथे बसलं की समोर भिंत नसेल अशी एक जागा हवी. चोवीस वर्षांच्या संसारात हिने मागितलेली ही एकच गोष्ट. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली. मला रिटायर व्हायला सहा वर्षं. दोन खोल्या बांधायच्या, पुढे ओटा, सुट्टीत जाऊन राहायचं. साधा प्लॅन आहे. मार्चच्या आत खरेदी.

नियम: कोणावर विश्वास ठेवायचा नाही. कोणाला काही सांगायचं नाही. विकणाऱ्याच्या घरी चहा घ्यायचा नाही.

ही वही ऑफिसच्या बॅगेत राहील.

१ नोव्हेंबर, रविवार.

हिला घेऊन जागा पाहिली. घोटीच्या पुढे भंडारदऱ्याच्या रस्त्याला आत वळून कुरणवाडी. पत्ता ऑफिसातल्या यादवने दिला. (त्याचा यात काय फायदा, हे नंतर बघायचं.)

मालक सहादू, साठीचा. बायको कुसाबाई. खाली त्यांची भाताची खाचरं, वर दोन एकर माळ. थोडी नागली होते, बाकी दगड आणि गवत. समोर कळसूबाई. वारा असा की माझी टोपी दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा सहादूनेच आणून दिली. जास्तच मदत करतो.

आणि मग तो आपणहून सांगायला लागला. "साहेब, खडक लय हाय. इहिरीला पानी लागंल का नाय, सांगता येत नाय. वढा माघात आटतो. आन् पावसाळ्यात चार महिनं ढगात बसावं लागंल, अंथरून सुदीक वलं राहतं."

बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला स्वतःच्या मीटरचा दोष स्वतः दाखवलेला नाही. जो माणूस चार दोष सांगतो तो पाचवा लपवतो.

भाव विचारला. इतका कमी सांगितला की मी घाबरलो. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मग विकता कशाला, विचारलं. म्हणाला, खालचं भात आम्हाला पुरतं. वर चढायचं म्हणजे गुडघे बोलतात. "आन् पोरी लांब दिल्यात. कुनी चांगलं मानूस शेजारी आलं तर कुसाला बोलायला व्हईल."

शेजार मिळावा म्हणून जमीन विकणारा माणूस! नोंद करून ठेवतो.

चहा घेतला. नियम मोडला असं नाही. पहिला कप तपासणी म्हणून. त्यात काही आढळलं नाही म्हणून दुसरा.

ही आणि कुसाबाई वर एका खडकावर जाऊन बसल्या. तासभर. दोनदा मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. येताना स्कूटरवर विचारलं, काय एवढं? म्हणाली, काही नाही, असंच.

५ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी, ऑफिसात.

पाचवा दोष काय असेल? धरणाच्या पाण्याखाली जाणार? तारेचे टॉवर जाणार? भाऊबंदकीची केस? बिबट्या? बिबट्या असेल तर सहादू इतका स्वस्थ कसा? म्हणजे बिबट्या नाही. म्हणजे त्याहून मोठं काहीतरी.

काल संध्याकाळी वकिलांना भेटलो. सातबारा बघून म्हणाले, वरवर क्लिअर दिसतो. "वरवर" हा शब्द मी लगेच पकडला. पुढे म्हणाले, शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी पाहिजे, कुठल्या तरी सातबाऱ्यावर तुमचं नाव पाहिजे. मी हसलो. नांदगावला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, चुलतभाऊ खंडेराव कसतो. उतारा आणायला एक दिवस पुरे.

रात्री हिने विचारलं, वकील काय म्हणाले? मी म्हणालो, टेक्निकल आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार. घोटीचा बाजार.

रजा टाकून गुप्त चौकशीला गेलो. तांदळाचा व्यापारी म्हणून. काळा चष्मा, मफलर, काळी बॅग. एका आडत्याने विचारलं, इंद्रायणी पाहिजे का कोळम? मी म्हणालो, दोन्ही मिक्स. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. व्यापारी लोक संशयी फार.

नंतर वेगवेगळ्या ठिकाणी, सहज म्हणून, एकच प्रश्न विचारला: कुरणवाडीच्या माळावर सरकारचं काही येणार आहे का हो? पानवाला, रिक्षावाला, खताचं दुकान, न्हावी. एकूण अकरा जण. अकराही जण म्हणाले, नाही बुवा, आम्ही तर काही ऐकलं नाही.

अकरा माणसं एकच उत्तर देतात, म्हणजे पढवलेली आहेत.

१५ नोव्हेंबर, रविवार. घोटी.

संशय कन्फर्म!!

स्टँडसमोरच्या हॉटेलात साध्या वेशात बसलो होतो. हॉटेलवाला आपणहून टेबलाशी आला, वाकून म्हणाला, "कुनाला बोलू नका. कुरनवाडीला सरकारचं कायतरी लय मोठं येतंय. मागल्या बाजारी येक साहेब वेश बदलून आल्ता. काळा चष्मा, मफलर, काळी बॅग. धा जनांना इचारून गेला."

अंगावर काटा आला. म्हणजे मी उगीच नव्हतो म्हणत. आणि सरकारने माणूस पाठवलाय म्हणजे प्रकरण किती वर गेलंय! असल्या उन्हात मफलर गुंडाळणारा माणूस साधा नसतो. त्याच्यावर नजर ठेवली पाहिजे. मात्र त्याने दहाच जणांना विचारलं. तपास माझ्याइतका पक्का नाही.

तिथून कुरणवाडीला गेलो. शेजारच्या गेणूने त्याच्या खडकाळ तुकड्याचा भाव दुप्पट केलाय, कारण गावात बातमी पोचली. त्याला म्हणालो, सहादूने किती वाढवला? गेणू चिडून म्हणाला, "त्यो कशाला वाढवतोय! शब्द दिलाय म्हनं तुमाला. येडा हाय."

मी शब्द मागितला नव्हता. न मागता दिलेला शब्द. याचाही विचार करायला हवा.

२९ नोव्हेंबर, रविवार. नांदगाव.

खंडेरावकडे गेलो. बारा वर्षांनी. दारातच म्हणाला, "जयराम? आज कशी काय वाट वाकडी केली?" आणि आत कोणाला तरी ओरडून सांगितलं, कपाट लाव.

माणसाने आपल्या चुलतभावावर इतका संशय घ्यावा? मी पेढे घेऊन गेलो होतो. त्याने पेढा हातात घेतला, फिरवून बघितला, खिशात ठेवला. उतारा पाहिजे म्हटल्यावर तर चेहराच बदलला. "कशाला पाहिजे? वाटणी मागायला आला का?" मी शपथ घेतली. तो म्हणाला, शपथ कोणीही घेतं. (हे वाक्य माझं आहे. मी बावीस वर्षं ऑफिसात म्हणत आलोय.)

शेवटी दोघं तलाठ्याच्या घरी गेलो, रविवार म्हणून. उताऱ्यावर माझं नाव नाही! वडिलांचंही नाही. मी ओरडलो, फ्रॉड आहे. खंडेरावने शांतपणे घरून एक कागद आणून दाखवला. १९७९ चं हक्कसोडपत्र. वडिलांनी आणि मी आमचा हिस्सा चुलत्यांना सोडला होता. चुलत्यांनी वडिलांच्या आजारपणात सगळं बघितलं, म्हणून. खाली माझी सही.

सही माझी आहे. कागद उजेडात धरून बघितला, नखाने खरवडून बघितला. माझीच आहे. वडील म्हणाले असतील कर, मी केली असेल. न वाचता. तेव्हा मी तपासणी पथकात नवीन होतो, हे लक्षात घेतलं पाहिजे.

थोडक्यात, मी शेतकरी नाही.

रात्रीच्या गाडीने घरी. हिने विचारलं, उतारा मिळाला का? म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. ही म्हणाली, "खंडेरावभाऊजी बरे आहेत ना? त्यांच्या पाठीचं काय झालं?" त्याच्या पाठीला काय झालंय, मला माहीत नव्हतं. हिला कसं माहीत?

१३ डिसेंबर, रविवार.

शेतकरी नसण्याचा प्रश्न सुटेल, त्याला मार्ग असतात. आधी विकणाऱ्याची परीक्षा.

यादवला मुंबईची पार्टी बनवून कुरणवाडीला पाठवलं. त्याच्या मेहुण्याची गाडी, पांढरे बूट. सूचना: सहादूला दुप्पट भाव द्यायचा. तो हो म्हणाला की चोर पकडला.

यादव संध्याकाळी परत आला. सहादू नाही म्हणाला. यादवने तिप्पट केला (हे मी सांगितलं नव्हतं, त्याला त्या बुटांमुळे चढलं असणार). तरी नाही. म्हणाला, "नाशिकच्या बाई आमच्या कुसासंगं खडकावर बसून गेल्या. त्यांना माळ आवडलाय. दुसऱ्याला द्यायचा म्हंजे कसं?" आणि यादवला ताक दिलं.

यादव म्हणतो, साहेब, देवमाणूस आहे, डोळे मिटून घ्या. आता मला यादवचाच डाऊट यायला लागलाय.

विचार केला. तिप्पट पैसे नाकारणारा माणूस या जगात असू शकत नाही. जो नाकारतो त्याला माहीत असणार की ही जमीन त्याला विकताच येणार नाही. म्हणजे पाचवा दोष आहेच. मी इतका जवळ आधी कधी आलो नव्हतो.

२१ डिसेंबर, सोमवार.

उत्तम कल्पना. कुरणवाडीच्या तलाठ्याला निनावी अर्ज पाठवला. "सदर माळाच्या जमिनीत मोठी भानगड आहे. सखोल चौकशी व्हावी. आपला, एक हितचिंतक." भानगड असेल तर सरकारी खर्चाने बाहेर येईल. नसेल तर कोणाचं काय बिघडतं?

डाव्या हाताने लिहिला. तीन कागद वाया गेले. ही चहा घेऊन आली तेव्हा वर पेपर टाकला. म्हणाली, हाताला काय झालं? म्हणालो, व्यायाम.

३ जानेवारी १९९९, रविवार.

सकाळी दहाला सहादू आणि कुसाबाई दारात. एस.टी.ने आले. नव्या तांदळाचं बोचकं घेऊन. लाच असण्याची शक्यता. पण बोचकं त्यांनी माझ्याकडे दिलंच नाही, सरळ आत हिच्याकडे नेलं.

सहादूने खिशातून कागद काढला. तलाठ्याने त्याला माझ्या अर्जाची नक्कल काढून दिली होती. नक्कल म्हणजे झेरॉक्स. अक्षर जसंच्या तसं. हे ऑफिस आहे की काय?

सहादू खुर्चीवर बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "साठ वर्सं गावात काढली साहेब. माझ्याबद्दल आसं कुनी ल्हेलं नाय. जत्रंचा हिशेब माझ्याकडं आसतो. आता लोक बघत्यात. तुमी चोर धरता ना? मंग येवढा येक शोधून द्या. मला भांडायचं नाय. नुसतं इचारायचंय, बाबा, माझं काय चुकलं?"

त्याचे डोळे ओले होते. किंवा धूळ गेली असेल. एस.टी.च्या खिडक्या बंद होत नाहीत.

मी म्हणालो, बघतो. केस हातात घेतली आहे.

हिने कागद घेतला आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. ते गेल्यावर म्हणाली, "या ‘ळ’ला खाली गाठ मारलीय. अशी गाठ कोण मारतं हो?" म्हणालो, गुन्हेगार लोक मारतात. "हो का," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली. त्या तांदळात एकही खडा नव्हता. तरी ही तासभर निवडत होती.

संध्याकाळी जेवण केलं. भात चांगला झाला होता. मी कमी खाल्ला.

१५ जानेवारी, शुक्रवार.

काल संक्रांत. ही सकाळच्या गाडीने एकटीच कुरणवाडीला गेली, कुसाबाईला तिळगूळ द्यायला. तिथून आज परस्पर माहेरी, सायखेड्याला. आठ दिवस राहणार. जाताना वकिलांचा पत्ता विचारून गेली. कशाला? तर मैत्रिणीला पाहिजे. हिची कोणती मैत्रीण कोर्टात गेलीय?

आठ दिवस पिठलं. मीठ कुठल्या डब्यात असतं ते काल दिवसभर शोधलं, आज सापडलं. बाकी घर व्यवस्थित चालू आहे.

हितचिंतक प्रकरणी तपास: प्रगती नाही. तपास अधिकाऱ्यावर कामाचा ताण.

३१ जानेवारी, रविवार. कुरणवाडी.

आज मोठ्या मनाने गेलो. सहादूला सांगायचं होतं की तुमच्यावर विश्वास ठेवायचं मी जवळजवळ ठरवलं आहे. फक्त तीन महिने द्या, काही कागद व्हायचे आहेत. वाक्य स्कूटरवर पाठ केलं होतं.

तो ओट्यावर दोरी वळत बसला होता. म्हणाला, तलाठ्यांनी चौकशी केली, हितचिंतक कोणी पुढे आला नाही, अर्ज निकाली निघाला. मी म्हणालो, वा. मग पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. त्याने दोरी खाली ठेवली, हात जोडले.

"साहेब, माळ दिला."

कोणाला? "सायखेड्याच्या तानुबाईंना. इसार बी झाला." किती भावाने? "तोच. आपला ठरल्याला."

कुसाबाई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. नंतर वाटलं, नसावी.

तिप्पट भाव नाकारून त्याच भावात एका परक्या बाईला! शब्द दिला होता ना? विचारलं. सहादू खाली बघून म्हणाला, "शब्द पाळलाय साहेब." याला काय म्हणायचं?

परत येताना घोटीच्या अलीकडे स्कूटर थांबवून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. डोंगर दिसत होते. मला ते दोन एकर हवे होते. हे इथे लिहून ठेवतो, कारण आजवर लिहिलं नव्हतं.

१ फेब्रुवारी, सोमवार.

हिला सांगितलं, जमीन गेली. वाटलं होतं रडेल. भाजी चिरत होती, चिरत राहिली. म्हणाली, "असू दे. होतं ते बऱ्यासाठी."

विचारलं, तुमच्या सायखेड्यात तानुबाई नावाची कोणी आहे का?

चिरलेली भाजी पातेल्यात टाकली. मग म्हणाली, "होती एक. आमच्याच गल्लीत. लग्न होऊन गेली."

कशी आहे बाई? विश्वासाची?

"आधी खूप बोलायची, हसायची. आता माहीत नाही. बऱ्याच वर्षांत मलाच भेटली नाही."

यापुढे काही सांगेना. गावच्या बाईला पाठीशी घालतेय.

माझा अंदाज: ही तानुबाई म्हणजे बुजगावणं. मागे मुंबईची पार्टी असणार. (यादव नव्हे, खरी.) मफलरवाल्याचाही संबंध असू शकतो.

१४ फेब्रुवारी, रविवार. सायखेडा.

सासुरवाडीला न कळवता गेलो. चष्मा, मफलर. गोदेच्या घाटावर अक्काबाई नावाची एक म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिला दिसतं कमी, बोलते जास्त. असा साक्षीदार मिळायला नशीब लागतं.

विचारलं, इथली तानुबाई माहीत आहे का? "तानी व्हय? कारभारीची तानी! न माहीत असायला काय झालं. पुराच्या पान्यात त्या खांबावरून उडी मारायची. पोरं बघत राहायची. लय हसरी."

(कारभारी हे नाव सायखेड्यात घरोघर. आमचे सासरेसुद्धा कारभारीच.)

आणि नवरा? म्हातारीने जुडी खाली ठेवली. "नवरा हाय नाशकात. सरकारी नोकरीत हाय. वाईट नाय बिचारा, मारीत नाय, पीत नाय. पन संशयी फार. पेला हालला तरी इचारतो, कुनी हालवला? पंचवीस वर्सं व्हत आली. तानी माहेरी आली की आधी दोन दिस गप्पच राहते. तिसऱ्या दिशी बोलाया लागती. मंग जायची येळ व्हती."

त्या बाईबद्दल वाईट वाटलं, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण सगळं स्पष्ट झालं. डोकं नवऱ्याचं आहे. असा धूर्त माणूस बायकोला पुढे करतो आणि स्वतः पडद्यामागे राहतो. नाशिकातलाच आहे, सरकारी आहे. सापडेल.

मेथीची एक जुडी घेतली. बसमध्ये डबा उघडला नाही. भूक नव्हती. ऊन लागलं असेल.

घरी आलो तर ही म्हणाली, मेथी कुठली? म्हणालो, रविवार कारंजावरची. तिने वास घेतला. जुडीला केळीच्या सोपटाची दोरी होती. ती दोरी तिने सोडून हाताभोवती गुंडाळली आणि तशीच काम करत राहिली.

२८ फेब्रुवारी, रविवार.

नाशिकातील संशयी नवऱ्याचा तपास चालू. दोघांवर लक्ष आहे. एक भूमी अभिलेखमध्ये आहे, एक आमच्याच ऑफिसात. दोघांच्याही बायकांची नावं वेगळी निघाली.

हिला आज सहज म्हणालो, तुला पोहता येतं का ग? चपाती लाटता लाटता थांबली. "का?"

सहजच, म्हणालो.

"येत होतं," म्हणाली.

चोवीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. विचारायचा प्रसंगच आला नाही. नाशिकात पोहायला वेळ कोणाला असतो?

१७ मार्च, बुधवार.

उद्या पाडवा. ही म्हणाली, परवा शुक्रवारी रजा टाका, इगतपुरीला जायचंय. कशाला? "आल्यावर कळेल. टोपी घाला, मफलर नको."

मफलरचं हिला कसं कळलं? बॅग तपासली. वही जागेवर आहे. कडी मात्र उलट्या बाजूने लावलेली वाटते. किंवा मीच लावली असेन.

१९ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.

जसं झालं तसं लिहितो.

इगतपुरीच्या रजिस्ट्री ऑफिससमोर सहादू, कुसाबाई, आमचे वकील आणि माझा धाकटा मेहुणा दत्तू उभे होते. मला बघून कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. कारकुनाने पुकारलं, "लिहून देणार सहादू." सहादू पुढे गेला. "लिहून घेणार तानुबाई कारभारी..." आणि ही उठली.

मी म्हणालो, अग, तुला नाही बोलावलं. ही म्हणाली, "मलाच."

बाकी उभ्या उभ्या कळलं. सायखेड्याच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे हिचं नाव लागलं. भावांनी काढायला सांगितलं नाही, हिने काढलं नाही. त्यावर नाव माहेरचंच आहे. ही शेतकरी आहे. गेली अकरा वर्षं. मी नांदगावला पेढे घेऊन गेलो तेव्हाही होती. पैसेही हिचेच, भावांनी मळ्यातला वाटा म्हणून दिलेले.

७४ साली मांडवात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मी ‘सुहासिनी’ लिहिलं होतं. मला ते नाव फार आवडायचं. आधीचं काय आहे, ते पत्रिकेत छापलेलं होतं. पण पत्रिकेत मी फक्त माझं नाव बघितलं होतं. ‘जयराम’चा ‘रा’ बरोबर आलाय का, एवढंच.

बाजूला घेऊन विचारलं, मला का नाही सांगितलं? हिने आजूबाजूला बघितलं. सहादू लांब होता. मग हळू आवाजात म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याबद्दलही तलाठ्याला लिहिलं असतं."

म्हणजे हिला माहीत होतं. जानेवारीपासून. आणि सहादूला हिने सांगितलेलं नाही. तो अजून मला भेटला की विचारतो, साहेब, लागला का तपास? आजही विचारलं. मी म्हणालो, लागलाय. म्हणालो, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, त्याचंच चुकलं. त्याला लाज वाटते. सहादू म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या. नाव नका सांगू. समोर आला तर तोंड कसं बघायचं?" आणि माझी टोपी, वाऱ्याने तिरकी झालेली, नीट केली.

मग कारकून अडला. कागदावर तानुबाई, रेशनकार्डावर सुहासिनी. दोन्ही एकच, हे सांगणारे ओळख देणारे दोघं पाहिजेत. एक दत्तू झाला. दुसरा? वकील म्हणाले, हे काय, यजमान आहेत की.

कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, वाचून सही करतो. एकच ओळ होती. ‘सदर बाईंना मी व्यक्तिशः चांगला ओळखतो.’ तीनदा वाचली.

ही तिकडे बाकावर कुसाबाईशेजारी बसली होती. कुसाबाई कानात काहीतरी बोलली, आणि ही हसली. तोंडावर पदर न घेता, डोकं मागे टाकून. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मी पण बघत राहिलो.

मागे रांग होती. कारकून म्हणाला, "काका, ओळखता ना बाईंना?"

ओळखतो, म्हणालो. सही केली.

त्याने पुरावा मागितला नाही.